येत्या गुरुवारी सहकुटुंब यावे

उद्धवराव सहकुटुंब दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सोपानराव ओट्यावर दाढी करत बसले होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. गुरुवार होता, भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी माणसाने दाढीला कितीही वेळ लावला तरी त्याला कोणी काही म्हणत नाही.

"या या, उद्धवराव. वैनी, या," सोपानराव फेसासकट उठले. "बसा निवांत. अगं, पाणी आण."

उद्धवरावांची चाकणला हीट ट्रीटमेंटची भट्टी होती. सोपानरावांच्या कारखान्यातल्या पिना कडक व्हायला त्यांच्याकडे जायच्या. मागच्याच गुरुवारी ते गावच्या जत्रेला चऱ्होलीत येऊन, पोटभर मासवडी जेवून गेले होते. आज पुन्हा का आले हे सोपानरावांना कळेना. पण विचारायची सोय नव्हती. दारात आलेल्या माणसाला 'कसं काय येणं केलं' असं विचारणं म्हणजे 'कधी जाताय' असं विचारण्यासारखंच आहे, असं त्यांच्या घरात मानत आले होते. आजूबाजूला सोसायट्यांचे मनोरे उभे राहिले, त्यांच्या फाटकांवर येणाऱ्याचं नाव, काम आणि मोबाइल नंबर विचारायला माणसं बसली, तरी सोपानरावांच्या ओट्यावर हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

"तुमी बोलावल्यावर यायलाच लागतंय," उद्धवराव टोपी मांडीवर ठेवत म्हणाले.

सोपानरावांना वाटलं, बायकोने बोलावलं असेल. आत छबूबाईंना वाटलं, नवऱ्याने बोलावलं असेल. त्यांनी न बोलता पिठलं ढवळलं, भाकऱ्या थापल्या. ताट समोर आल्यावर उद्धवरावांनी त्यात थोडा वेळ पाहिलं.

"पिठलं व्हय," ते म्हणाले. "बरं बरं. पिठलं बी झ्याक."

ते जेवले चांगलं, पण ते 'बरं बरं' छबूबाईंच्या मनाला लागून राहिलं.

आता हे असं का झालं ते इथेच सांगून टाकायला हवं, कारण त्या घरात पुढे बरेच दिवस कोणीच कोणाला ते सांगणार नव्हतं.

सोपानरावांच्या कारखान्याचं नाव छबू एंटरप्रायजेस. बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळतं, असं कारखाना काढताना बँकेतल्या कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून कागदोपत्री मालकीण छबूबाई. पाटीवर नाव त्यांचं, कर्जाच्या कागदांवर सह्या त्यांच्या, आणि कारखान्यात पाऊल मात्र वर्षातून एकदा, खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लावण्यापुरतं.

त्यांची सून ऋचा पिंपळे गुरवची. वडील बँकेत, आई शाळेत. तिने हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून सासऱ्यांच्या कारखान्याचं अकाउंट्स हातात घेतलं होतं. हातात घेतलं म्हणजे, सोपानरावांनी ते तिच्या हातात देऊन स्वतःचं एक बोट अजून त्यावर ठेवलं होतं. पूर्वी महिन्याच्या शेवटी सप्लायर चेक न्यायला यायचे, चहा प्यायचे, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं ते सांगायचे. ऋचाने सॉफ्टवेअर आणलं. आता बटण दाबलं की पैसे बँकेतून जात, पेमेंटची पावती आपोआप तयार होई, आणि ती जोडून सप्लायरला ईमेल जाई. तिच्यासाठी खिडकीजवळ एक टेबल लागलं. लग्नानंतर तिला स्वतःची म्हणावी अशी मिळालेली ती पहिली जागा होती. घरातलं कपाटसुद्धा नवऱ्याबरोबर अर्धं होतं.

"दिवाळीपत्तुर बघू," सोपानरावांनी बजावलं होतं. "एक जरी घोळ झाला, तरी तुजं ह्ये मशीन बंद. मी आन माझं चेकबुक."

"घोळ होणार नाही, अण्णा."

"ते पत्र वाचून दाखव बरं. काय जातंय लोकास्नी?"

सॉफ्टवेअरमधलं तयार पत्र इंग्रजीत होतं. ऋचाने त्याचा मराठीत अर्थ सांगितला. तुमचे पैसे पाठवले आहेत, तपशील सोबत जोडला आहे.

"एवढंच?" सोपानराव म्हणाले. "आगं, कोन वारल्याचं कळवलंय का काय."

मग तिने त्यांना टेम्प्लेट म्हणजे काय ते समजावलं. एकदा मजकूर बसवला की पुढचं प्रत्येक पत्र तसंच निघतं. हे त्यांना लगेच पटलं. "म्हंजी साचा. मंग नीट बसव. साचा बिगाडला की येणारा हरेक नग बिगाडलेला." त्यांनी खुर्ची ओढली आणि मजकूर सांगायला घेतला. सप्रेम नमस्कार झाला. घरच्यांची खुशाली झाली. जत्रा तोंडावर होती, म्हणून आणखी एक ओळ आली: 'येत्या गुरुवारी आमच्या घरी मासवडीचे जेवण आहे. सहकुटुंब यावे. न आल्यास राग येईल.'

"तारीख घालू का, अण्णा?"

"तारखेनं कोन जेवाय येतं? येत्या गुरवारी म्हण. आन दोनीकडं टाक, पावतीवर बी आन पत्रात बी. लोकं एक वाचत्यात, एक वाचत न्हाईत."

जत्रा थाटात झाली. दुसऱ्या दिवशी ऋचाने आठवणीने ती ओळ पावतीच्या साच्यातून काढली. पत्राचा साचा वेगळ्या पानावर होता, तो उघडणार इतक्यात आयकराचे कागद मागायला फोन आला. वर्षअखेरीचं काम होतं, फोन लांबला. तो संपल्यावर तिने एक पावती छापून पाहिली. ती स्वच्छ निघाली. तिचं समाधान झालं.

पेमेंट सोमवारी निघायची. म्हणजे दर सोमवारी नवी पत्रं जायची, आणि दर सोमवारनंतर एक गुरुवार येतोच.

पिठल्याच्या पुढच्या, म्हणजे दुसऱ्या गुरुवारी उद्धवराव पुन्हा आले आणि मागोमाग टेम्पोवाले दादासाहेब आले, बायको, आई आणि मेहुणीसकट. दादासाहेबांनी सोपानरावांसाठी टॉवेल-टोपी आणली होती. काहीतरी कार्यक्रम असणार, तो काय आहे हे पत्रात लिहिलेलं नाही, तर विचारून यजमानाला ओशाळवायचं कशाला, असा त्यांनी विचार केला होता. सोपानरावांनी टॉवेल-टोपी घेतली. ती कशाबद्दल आहे हे विचारून पाहुण्याला ओशाळवायचं कशाला, असा त्यांनीही विचार केला. दोन समजूतदार माणसं समोरासमोर बसली की खरी गोष्ट बाहेर पडायला फार वेळ लागतो.

मागच्या 'बरं बरं'चा धसका घेऊन छबूबाईंनी या वेळी मासवडी केली होती. हे काम सोपं नाही. बेसन शिजवून ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या, शिवाय जोडीला झणझणीत रस्सा आणि बाजरीच्या भाकऱ्या. जत्रेत त्यांचे हात भरून आले होते, ते अजून उतरले नव्हते.

"आज खरं जेवाण," उद्धवराव बोटं चाटत म्हणाले.

त्याच दुपारी राजकोटहून फोन आला. पिनांसाठी बार स्टील पाठवणारे व्यापारी होते. "सोपानभाई, इस गुरुवार माफ करना. आ नहीं पाऊँगा. राग मत मानना."

राजकोटचा माणूस चऱ्होलीला का येणार होता, हे सोपानरावांना कळेना. "कोई बात नहीं," ते उदारपणे म्हणाले. "अगले गुरुवार आना." पुढच्या आठवड्यात राजकोटहून पेढ्यांचा खोका आला.

रात्री अंथरुणावर सोपानराव छताकडे पाहत म्हणाले, "माणसं लई यायला लागली, न्हाई का?"

"व्हय," छबूबाई म्हणाल्या. "येत्यात."

त्या आणखी काही बोलतील म्हणून ते थांबले. त्या कूस बदलून झोपल्या.

सोपानराव खुशीत होते, हे लपण्यासारखं नव्हतं. गुरुवारी ते सकाळीच दाढी आटपून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसू लागले. चेक न्यायला येणारी माणसं बंद झाल्यापासून ते जरा कोमेजले होते. आता ती जेवायलाच येत होती. आत चुलीवर काय चाललंय ते ओट्यावरून दिसत नसे, आणि उठून पाहावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ऋचा भाकऱ्या भाजायला उभी राही. तिच्या थापलेल्या भाकरीला हिंजवडीचा आकार येतो, असं म्हणून सासू थापायचं काम मात्र स्वतःकडेच ठेवी.

खरी गोष्ट ऋचाला कळली ती नवऱ्यामुळे. निरंजन चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात शिफ्टला होता, पण येता-जाता घरच्या कारखान्याचं सामान आणायचा. त्याच्या पेट्रोलचे पैसे ऋचाने सॉफ्टवेअरमधूनच पाठवले. संध्याकाळी तो मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला.

"ऋचा, मला जेवायला बोलावलंय."

"कोणी?"

"आपणच. येत्या गुरुवारी, सहकुटुंब. नाही आलो तर राग येईल म्हणतात. तू येणार का माझ्याबरोबर?"

तिने मोबाइल हातात घेऊन वाचलं. जत्रेपासून तिने किती जणांना पत्रं पाठवली होती ते ती आठवू लागली आणि मग तिने आठवणं सोडून दिलं.

"काढून टाक ना. एक मिनिटाचं काम," निरंजन म्हणाला.

"उद्या काढीन. पण या आठवड्याची पत्रं सकाळीच गेली. सगळ्यांचीच होती रे. गॅसवाले, प्लेटिंगवाले, नंदकिशोरकाका."

"मग अण्णांना सांगून टाक."

"आणि टेबल?"

निरंजनने तिच्या हातातून मोबाइल परत घेतला. वडिलांचा शब्द तो लहानपणापासून ओळखत होता. दुसऱ्या दिवशी ऋचाने पत्राच्या साच्यातून ओळ काढली आणि गुरुवार निभावून नेऊ, मग कोणाला काही कळणार नाही, असं स्वतःला समजावलं. खोटं ती बोलणार नव्हती. कोणी विचारलंच नाही तर गप्प बसणार होती. या घरात न विचारण्याची रीत आहे, हिचाच तिला आधार वाटला.

पण त्या गुरुवारी नंदकिशोर आले. ते सोपानरावांचे कर सल्लागार. पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये राहणारे, सरळ प्रश्न विचारून पोट भरणारे. पत्नी वासंतीबाई सोबत होत्या आणि त्यांच्या हातात मोठं भेटपाकीट होतं. ओट्यावर आधीच पंगत बसायच्या बेतात होती. उद्धवराव होते, दादासाहेब होते, गॅसवाले, प्लेटिंगवाले आणि त्यांची मुलंबाळं होती. चपला फाटकाबाहेर गेल्या होत्या. नंदकिशोरांनी सगळीकडे नजर फिरवली.

"सोपानराव, कार्यक्रम कसला आहे?"

इतके गुरुवार जो प्रश्न प्रत्येकाने गिळला होता, तो एका पाहुण्याने बसायच्या आधीच विचारला होता. सगळ्यांनी सोपानरावांकडे पाहिलं, कारण उत्तर सगळ्यांनाच हवं होतं.

"कार्यक्रम?" सोपानराव म्हणाले. "कार्यक्रम कुठला? तुमी आलात..."

"तुम्ही बोलावलंत म्हणून आलो ना. हे काय, पेमेंटच्या मेलमध्येच आहे." नंदकिशोरांनी मोबाइल पुढे धरला.

"मला बी दर आठवड्याला येतंय," उद्धवराव म्हणाले.

सोपानरावांनी चष्मा लावला. सावकाश, ओठ हलवत वाचलं. मजकूर त्यांचाच होता, शब्दन् शब्द. वाचून होईपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मान वळवली. ताकाचा जग घेऊन ऋचा दारात उभी होती.

"ऋचा," ते म्हणाले, "ह्यो साचा..."

"अण्णा, माझ्याकडून..."

"मीच सांगितलं व्हतं लिवायला."

हे छबूबाई बोलल्या. त्या सुनेच्या मागून बाहेर आल्या होत्या. कोपरापर्यंत हात बेसनाने माखलेले होते. पाहुण्यांच्या पंगतीसमोर असं येऊन उभं राहायची त्यांना सवय नव्हती, पण आवाज ठाम होता.

"तू?" सोपानराव म्हणाले.

"पाटीवर नाव कुनाचं हाय?" छबूबाईंनी विचारलं. "कागदावर मालकीन कोन हाय? मंग आवतान बी माझंच. बसा, नंदकिशोरभाऊ. कार्यक्रम काय न्हाई. माणसं यावीत, जेवावीत, एवढाच कार्यक्रम."

"वा," वासंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी भेटपाकीट छबूबाईंच्या काखेत अडकवलं, कारण हात रिकामे नव्हते. पंगत बसली. सोपानराव वाढायला उठले. एरवी ते 'वाढा, वाढा' म्हणायला उठत. आज त्यांना काय म्हणावं ते सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी खरंच वाढलं.

मंडळी गेल्यावर भांड्यांच्या ढिगापाशी ऋचाने विचारलं, "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच गुरवारी. अंबूबाईनं पत्र दावलं चुलीपाशी, उद्धवरावांच्या बायकूनं. बाप्ये वट्यावर काय इचारत न्हाईत. बाया आत आल्या की आधी इचारत्यात."

"मग तेव्हाच का नाही बोललात? इतक्या वेळा राबलात. हात बघा तुमचे."

छबूबाई परातीतलं बेसन खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलले असते तर तुजं टेबल गेलं असतं. भाकऱ्या काय, परत थापता येत्यात. टेबल गेल्यावर कुनी परत देत न्हाई. मला ठाव हाय."

हे त्यांना कसं ठाऊक, हे ऋचाने विचारलं नाही. तिने त्यांच्या हातातली परात घेतली आणि तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

रात्री सोपानरावांनीही विचारून पाहिलं. "मला आधी सांगायचंस की."

"तुमी आजपत्तुर एवढी माणसं जेवाय बोलावलीत," छबूबाई म्हणाल्या, "मला कधी आधी सांगितलंत?"

सोपानरावांनी आठवून पाहिलं. असा एकही प्रसंग त्यांना आठवेना. घोळाबद्दलही त्यांना काही बोलता येईना. मालकिणीने चारचौघांत आमंत्रण आपलं म्हणून सांगितलं होतं, म्हणजे घोळ झालाच नव्हता. आणि घोळ नाही, तर मशीन बंद करायचं कारण नाही. ही बाजू बायकोने कधी एवढी बांधून काढली, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

सोमवारी छबूबाई कारखान्यात आल्या. खंडेनवमी लांब होती. कामगारांनी लेथ थांबवून पाहिलं. त्या थेट खिडकीजवळच्या टेबलापाशी गेल्या, खुर्चीत बसल्या, टेबलावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "लिव्ह."

"काय लिहू, आई?"

"येत्या गुरवारी आमच्या घरी जेवाण न्हाई."

"अहो, ती ओळ मी काढून टाकली आहे. आता कोणी नाही येणार."

"सवय लागलीया लोकास्नी. लिव्ह तू. आन खाली माझं नाव टाक."

ऋचाने लिहिलं: 'येत्या गुरुवारी आमच्या घरी जेवण नाही, कळावे. आपली, छबूबाई.' आपल्या केबिनच्या काचेतून सोपानराव पाहत होते. ते बाहेर आले नाहीत.

पत्रं गेली आणि फोन सुरू झाले. उद्धवरावांनी विचारलं, वैनींची तब्येत बरी आहे ना. दादासाहेबांनी विचारलं, कोणता दवाखाना. राजकोटहून फोन आला, "सोपानभाई, घर पे सब ठीक? भाभीजी?" ज्या घरात दर आठवड्याला पंगत उठते, त्या घराने जेवण नाही असं लेखी कळवलं, तर माणसं काय समजणार? सोपानराव ज्याला त्याला सांगत राहिले की सगळं बरं आहे. पण आजार घरातली माणसं लपवतातच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी छबूबाई ओट्यावर बसून ऊन खात होत्या. सोपानरावांनी अजून दाढी केली नव्हती. फाटकाशी गाडी थांबली, मग दुसरी थांबली. उद्धवराव उतरले, हातात सफरचंदं. दादासाहेब उतरले, हातात शहाळी. नंदकिशोर आणि वासंतीबाई आले, बिस्किटांचे पुडे घेऊन. सगळ्यांनी आवाज खाली ठेवला होता. ऋचा आणि निरंजन दारात येऊन उभे राहिले, आणि ऋचाने हळूच तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

अंबूबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या. त्यांच्या हातात भलामोठा डबा होता. ओट्यावर टेकवून त्यांनी तो उघडला. आत मासवडी होती, वरच्या कप्प्यात रस्सा होता, फडक्यात भाकऱ्या होत्या.

"आगं, मी आजारी न्हाई," छबूबाई म्हणाल्या.

"न्हाईस ते बरंच झालं," अंबूबाई म्हणाल्या. "आजारी माणसाला मासवडी चालत न्हाई. बस. मी वाढती."

छबूबाई उठू लागल्या, ताट आणायला. ऋचाने ते आधीच आणून ठेवलं होतं. सोपानराव आत गेले, पाण्याचा तांब्या शोधायला त्यांना बराच वेळ लागला, मग तो भरून घेऊन आले आणि कोणत्या बाजूला ठेवायचा ते न कळून तसेच उभे राहिले.

छबूबाईंनी एक तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"मीठ जरा कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक वडी घेतली.